नावाखालची रिकामी ओळ

काल आमच्या गावच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "घरीच असेल बिचारी, काही करत नसावी." त्या एका वाक्यामुळं हे लिहायला बसले आहे. नाहीतर अशा गोष्टी इथं लिहिण्याची मला सवय नाही.

फाट्यावर अश्विनीच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला आहे. फोटो आहे, नाव आहे आणि नावाखाली काहीच नाही... आपल्याकडं नावाखाली काही नसलेला फ्लेक्स कुणी पाहिलेला नाही. पदवी असते, पद असतं, काहीच नसलं तर 'प्रगतशील शेतकरी' तरी असतंच. म्हणून लोक विचारताहेत. तो फ्लेक्स माझ्याच दुकानात छापला, त्यामुळं उत्तरही मीच द्यायला हवं.

परंड्यात माझं छपाईचं दुकान आहे. मी बॉटनीची बी.एस्सी. प्रॅक्टिकलच्या वहीत पानं-फुलं काढता काढता हात बसला आणि त्याच हातावर पुढं पोट भरलं. अश्विनी डी.एड. झालेली. शिक्षकभरतीची वाट बघून कंटाळली आणि माझ्याकडं टायपिंगला आली.

आली टायपिंगला, आणि महिन्याभरात माझ्याच चुका काढायला लागली. "मॅडम, एवढं बारीक अक्षर मुंग्यांनी वाचायचं का?" मी रागावले की हसायची. डी.एड.ला फळ्यावर लिहायला शिकवतात ना, शेवटच्या बाकावरच्या पोराला दिसलं पाहिजे असं. तेच तिनं इथं लावलं. प्रिंट काढायची, रस्त्यापलीकडच्या चहाच्या हॉटेलच्या भिंतीला चिकटवायची आणि आमच्या दारात उभी राहून वाचायची. हॉटेलवाला ओरडायचा, "ओ गुरुजी, भिंत माझी हाय!" ती म्हणायची, "मग वाचून दाखवा, लगेच काढते."

एकदा बचत गटाच्या बायका डाळीच्या पाकिटांचं काम घेऊन आल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना वाचता येत नव्हतं, पाकिटं भरताना घोटाळा व्हायचा. अश्विनीनं प्रत्येक पाकिटावर त्या त्या पिकाचं फूल काढलं. शेतातल्या बाईला तुरीचं फूल ओळखायला शाळा लागत नाही... हरभऱ्याचं फूल मात्र तिनं चुकवलं होतं. ते मी तीनदा परत काढायला लावलं.

त्याच पाकिटांचे फोटो तिनं काम मागायला पुण्याच्या एका कंपनीला पाठवले. त्यांनी शिक्षण विचारलं, डी.एड. ऐकलं आणि फोन ठेवला. मी समजूत घातली नाही. म्हटलं, दुसरीकडं पाठव. दुसऱ्या कंपनीनं डिग्री विचारलीच नाही, काम दिलं. परंड्यात बसून ती पुण्याची पाकिटं करू लागली.

मग डेंग्यूचं निमित्त झालं. सोलापूरला नेलं... आणि परत आणलं.

गेल्या आठवड्यात तिचे आई-वडील फ्लेक्सचं मॅटर घेऊन आले. नावाखाली लिहिलं होतं, 'डी.एड., शिक्षिका'.

मी तिच्या वडिलांना म्हटलं, "भाऊ, ती शिक्षिका नव्हती. डिझायनर होती. तेच टाकते."

"डिजायनर म्हंजे काय सांगू गावाला? बॅनरच्या दुकानात होती म्हणू?" हे ते माझ्याच दुकानात बसून म्हणाले. मग मान खाली घालून म्हणाले, "बघायला आलेल्या समद्या पावण्यांना म्या शिक्षिकाच सांगितलंय, बाई. आता पोरगी गेल्यावर मला खोटं पाडता व्हय?"

मी खोटं छापणार नाही म्हणाले. माझा आवाज चढला, त्यांचाही चढला. मेलेल्या पोरीच्या नावाखाली काय लिहायचं यावरून आम्ही दोघं भांडत होतो...

तिची आई तोवर स्टुलावर बसून होत्या. त्या म्हणाल्या, "भांडू नका. नुसतं नाव टाका. नावाला तर कुणाची ना न्हाय?"

मी नुसतं नाव टाकलं. नावाखालची जागा तशीच सोडली. खालची 'भावपूर्ण श्रद्धांजली' वर सरकवून ती भरून काढता आली असती, पण माझा हात धजला नाही.

तर ज्यांनी विचारलं त्यांना सांगते. अश्विनी घरी बसून नव्हती. ती डिझायनर होती. आपल्या भागात हा शब्द फक्त साड्यांच्या दुकानावर दिसतो, म्हणून तिच्या बापाला तो परका वाटला, त्यांना मी दोष देत नाही. ती कुठल्या डिझाईन कॉलेजची पायरी चढली नव्हती. फळा आणि शेत, एवढ्या शिदोरीवर ती उभी राहिली होती आणि आता कुठं चालायला लागली होती.

आज सकाळी तिचे आई-वडील तिचं सामान न्यायला आले. भाऊ दुकानात आले नाहीत, बाहेर मोटरसायकलपाशीच थांबले. मी एकेक वस्तू आईच्या हातात दिली, त्या बाहेर नेऊन त्यांच्याकडं देत होत्या. डाळीच्या पाकिटांचे नमुने मात्र भाऊंनी आत परत पाठवले, "हे कशाला?" म्हणून.

सोपवलं ते असं. लॅपटॉप, चार्जर. लॅपटॉपला जोडून चित्र काढायची पाटी आणि तिचं पेन. डब्याची पिशवी, ओढणी, चष्मा. हे वडिलांकडं.

तुरीच्या फुलाचं एक पाकीट. हे आईनं मागून घेतलं, घडी केली नाही, तसंच पदराखाली धरून नेलं.