जहाजाला तुराट्या, मग चुलीला काय?

आणि कंपनीनं तुराट्यांच्या कागदावर सही कुणाची घेतली, तर रानाच्या मालकाची! तूर मालकाची, कबूल. पण झोडून उरलेल्या तुराट्या कापणाऱ्या बायांच्या, ही आमच्या मैंदर्गीकडची रीत आहे. मजुरी घ्यायची, मोळी डोक्यावर घ्यायची, घरी यायचं. त्या मोळ्यांवर मी आणि माझी जाऊ महानंदा वर्षभर कडक भाकरी करून विकतो. गॅसवर ती भाकरी जमत नाही. तुराटीचं कसं, एक काडी आत सारली की जाळ वाढतो, बाहेर ओढली की कमी. आता मल्लिनाथ मालक म्हणतात, तुराट्या कंपनीला दिल्या, त्याचं जहाजाचं तेल होणार. आमच्याकडं समुद्र कुठला आणि जहाज कुठलं! महानंदाला म्हटलं, आपण जाऊन बघूच.

कुणाला जायचं असेल तर पहिली एसटी धरा. मैंदर्गी ते अक्कलकोट, तिथून सोलापूर, तिथून पुण्याच्या गाडीनं टेंभुर्णी. बायांना अर्धं तिकीट, त्यामुळं खर्च अंगावर येत नाही. टेंभुर्णीला बाथरूमला जाऊन घ्या, पुढं बायांची सोय नाही. तिथून कंपनीचा कारखाना आहे त्या धरणाकाठच्या गावाला जीप मिळते, पण ती भरल्याशिवाय हलत नाही. आम्ही तासभर बसलो. भाकरी आणि शेंगाचटणी तिथंच संपली.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस आणि केळी, मागं उजनीचं पाणी. जीपवाला म्हणाला, "मावशी, मासे खाऊन जावा की, ताजे हायत."

"आमी खात न्हाय."

"मग एवढ्या लांब कशाला आलाय?"

"तुराट्या बघायला."



कारखान्यात फोन करूनच जावं लागतं. मोबाईल गेटवर काढून घेतात. आत उसाचं पाचट, कापसाच्या पऱ्हाट्या, तुराट्या, सगळ्याचे डोंगर. एवढं सरपण मी जन्मात एका जागी बघितलं नव्हतं. एक इंजिनिअर पोरगी आली, बोलायला सरळ होती. म्हणाली, "ह्याचा भुगा करायचा, हवा कोंडून तापवायचा आणि निघालेल्या वायूचं मेथॅनॉल करायचं. जहाजं काळं जाड तेल जाळतात, त्याचा धूर फार वाईट. ह्याला काजळी नाही. आणि तुराटी दरवर्षी परत उगवते."

"ते आमाला म्हाईत हाय. जाळून दाखवा."

तिनं अंगणात लोखंडी ताटलीत थोडं ओतलं. पाण्यासारखं. "पोटात गेलं तर डोळे जातात," म्हणाली आणि लांबूनच पेटवलं. "पेटलं बघा."

महानंदा माझ्या कानाशी लागली, "बेंकी एल्लैती?" जाळ कुठं आहे म्हणे. भर उन्हात खरंच काही दिसेना. मी ढिगातली एक लांब तुराटी ओढली आणि ताटलीवर धरली. टोक भडकन पेटलं.

"मावशी, मागं व्हा!" पोरगी ओरडली.

महानंदा हसत सुटली. "अक्का, ह्याच्यावर भाकरी टाकली तर करपल्यावरच कळंल की!"

मी विचारलं, "आमच्या गावच्या तुराट्यांवर जहाज कुठवर जाईल?"

पोरगीनं खोटं सांगितलं नाही. "किनारा दिसेनासा होईपर्यंतसुद्धा नाही. म्हणून सगळ्या गावांचं गोळा करतो."

"आणि आमच्या चुली?"

"ते मालकानं ठरवायचं. आमच्या कागदावर विकणारा तोच आहे. त्यानं अर्धं राखलं, तर आम्ही अर्धंच नेऊ."

येताना गाडीत जागा मिळाली, एवढंच सुख. घरी आल्यावर शेजारणी विचारत होत्या, काय बघितलंस. सांगितलं, न दिसणारा जाळ बघितला. काम खोटं नाही. धूर कमी होत असेल तर चांगलंच आहे, आमच्या डोळ्यांनी धूर काय असतो ते भोगलंय. जायचं तर जरूर जा, एका दिवसात होतं.

पण मल्लिनाथ मालक, तुमचा फोन बंद असतो म्हणून इथंच लिहिते, गावातलं कुणीतरी वाचून दाखवेलच. कंपनी आडवी येत नाही, हे मी तिच्याच तोंडून ऐकून आले. तूर अजून रानात उभी आहे आणि बुधवारी कापायची आहे. अर्ध्या तुराट्या कापणाऱ्या बायांच्या, असं त्या कागदावर लिहून घेणार का नाही? मंगळवारी दिवस मावळायच्या आत सांगा. नाही म्हणालात किंवा गप्प बसलात, तर आम्हा चौदा जणींपैकी एकही विळा घेऊन येणार नाही. तूर तुमची तुम्ही कापा.