आईची जळकी भाकर

आमचे बाबा दिवसा शाळेत मास्तर आणि आठवड्यातून एकदा, संध्याकाळच्या कार्यक्रमात, साऱ्या वऱ्हाडाला हसवणारे रेडिओवरचे शेतकरीबुवा. मोताळ्याहून एसटीनं आकाशवाणी केंद्रावर जायचे आणि जोडीदारासोबत गप्पा छाटून परत यायचे. घरात मात्र अगदी घुम्म. त्यांचा विनोद ऐकायचा तर आम्हालाही रेडिओच लावावा लागे. याचा मला भारी राग यायचा.

त्यांच्या गप्पांत एक गोष्ट ठरलेली होती, बायकोनं जाळलेली भाकर. कधी त्या भाकरीनं ते चिमण्या हाकलत, कधी बैलगाडी घसरू नये म्हणून ती चाकाखाली लावत. लोक पोट धरून हसत. आणि माझी आई, जिची भाकर टम्म फुगून पापुद्रा सुटायची, ती तालुक्यात बदनाम झाली.

आईनं बरीच वर्षं हसून सोडून दिलं. पण पावसाळ्यात, वर्षावासात, बुद्धविहारात जेवण होतं, आईनं टोपलंभर भाकरी नेल्या, तर एका बाईनं वरची भाकर उलटून पाहिली. सगळ्या बाया हसल्या. आई टोपलं घेऊन तडक घरी आली.

"लोक तुमच्यावर हसते, पन नाव माह्यं जाते," ती बाबांना म्हणाली. "आता मले रेडिओवर आणू नका." मग तिनं बोलणंच टाकलं. बाबा ताटासमोर मान खाली घालून जेवायचे. मला त्यांची कीव आली, पण बाजू मी आईचीच घेतली.

पुढच्या कार्यक्रमाच्या वेळी आई भाकरी थापत होती, मोबाईलवर रेडिओ मीच लावला. बाबांचा आवाज वेगळाच लागला होता. "भाऊ, गंमत बाजूले ठेवा. माह्या घरच्यासारखी भाकर साऱ्या तालुक्यात नाही. आजवर मी खोटं बोललो."

जोडीदार खो-खो हसत सुटला. "काऊन बे, मार बसला वाटते घरी!"

"नाही हो, खरं सांगून राह्यलो!" बाबा कळवळून म्हणाले. तो आणखीच हसला. दुसऱ्या दिवशी बाजारात जो तो म्हणे, "गुरुजी, काल तं कहर केला!"

बाबा बाजारातून घरी आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. "कोनालेच खरं नाही वाटलं," ते म्हणाले.

"मले वाटलं ना," आई म्हणाली आणि तव्यावरची भाकर त्यांच्या ताटात टाकली.

पुढच्या आठवड्यापासून रेडिओवर भाकर पुन्हा जळू लागली. आईनं हरकत घेतली नाही, पण विहारात भाकरी नेणं तिनं बंद केलं ते केलंच. ते मला शेवटपर्यंत खुपत राहिलं.

बाबा गेले तेव्हा रेडिओवर बातमी आली. चार दिवसांनी वरवट बकालहून एक म्हातारे श्रोते भेटायला आले. ओळख ना पाळख, पण दारातच रडले. जेवायची वेळ होती. आईनं त्यांना भाकर, पिठलं वाढलं. त्यांनी पहिला तुकडा मोडला, भाकर खालून-वरून पाहिली.

"वैनी, हे तं जळली नाही हो!"

इतक्या वर्षांनी कुणीतरी खरं बोललं होतं. मला वाटलं, आता आई सगळं सांगून टाकेल. तिनं पदरानं डोळे पुसले.

"आज चुकून नाही जळली, भाऊ," ती म्हणाली. "रोज जळते."