क्षमापत्राआधी कबर नाही

आमच्या ख्रिस्ती मंडळीत कबर खणायची तर आधी सेक्रेटरीची चिठ्ठी लागते. रत्नागिरीतल्या आमच्या दफनभूमीत बहुतेक ठिकाणी वीतभर मातीखालीच जांभा दगड लागतो. तो फोडायला चिरेखाणीवरची माणसं येतात आणि चिठ्ठीशिवाय ती पहारीला हात लावत नाहीत. बारा वर्षं सेक्रेटरी मीच आहे. चिठ्ठीखाली ‘प्रभूचा नम्र सेवक’ असं लिहून सही करतो. त्यातला नम्रपणा सहीपुरताच होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

गेल्या ऑक्टोबरात एका सकाळी माझा पंचमंडळातला जुना सोबती वारला. चार वर्षांपूर्वी भर सभेत तो मला हुकूमशहा म्हणाला होता आणि घरच्यांना घेऊन मंडळी सोडून गेला होता. आम्ही दोघेही मोडेन पण वाकणार नाही या पठडीतले. त्यानंतर मी एक नियम करून घेतला: मंडळी सोडलेल्याला लेखी क्षमापत्राशिवाय दफनभूमीत जागा नाही. नियम सगळ्यांसाठी आहे, असं मी सांगत असे. डोळ्यांपुढे मात्र एकच माणूस होता.

नऊ वाजता त्याचा मुलगा दारात आला. चार वाजता माती द्यायची ठरली होती. मी त्याला आत बोलावलं नाही. सांत्वनाचे दोन शब्द बोललो आणि लगेच नियम सांगितला. तो तसाच परत फिरला. मागोमाग चर्चमधून पाळकसाहेबांचा फोन. आमचे पाळक तिशीतले, जालन्याकडचे, मला काका म्हणतात. चिठ्ठी द्या, म्हणाले. आधी क्षमापत्र येऊ दे, मी म्हणालो. त्यांनी वाद घातला नाही. मला वाटलं, जिंकलो.

साडेअकराला दफनभूमीशेजारच्या बाईंनी फोन करून कळवलं की पाळक एकटेच कबर खणतायत. माझं डोकंच फिरलं. नियमांची वही काखोटीला मारून तडक निघालो.

पाळक घामानं निथळत होते. टिकावाच्या दांड्याला रक्त लागलं होतं आणि खड्डा जेमतेम वीतभर. काळ्या मातीतला माणूस, नेमका कातळावर घाव घालत होता. मी वही उघडली. ते थांबले नाहीत.

“वरती तक्रार करायची तर संध्याकाळी करा, काका,” ते म्हणाले. “चारला घरची माणसं येतील. तोवर हे झालं पाहिजे.”

चारपर्यंत ते होणार नव्हतं. त्या जागी आठवडाभरातही झालं नसतं. माती कुठे खोल आहे हे तिथे फक्त मला माहीत होतं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी माझा नियम पाळला गेला असता. आणि मी गप्प राहिलोही. किती वेळ, ते सांगायची लाज वाटते. हातांची सालटी निघालेला तो माणूस खाली वाकलेला आणि मी वही धरून सावलीत उभा.

शेवटी बघवेना. “तिथे नको, कातळ आहे. कुंपणाकडे घ्या,” मी खेकसलो. खाणीवर फोन केला, पण माणसं दोनशिवाय येणार नव्हती. मग पहार मीच उचलली, सदुसष्टाव्या वर्षी. रागारागानंच खणत होतो. राग नक्की कोणावर, ते विचारू नका.

कमरेपर्यंत खड्डा झाला तेव्हा कडेला मुलगा येऊन उभा राहिला. मला आत बघून तो गोंधळला. मग गुडघे टेकून त्यानं घडी घातलेला कागद खाली माझ्या हातात दिला.

“पत्र आणलंय, काका. आईनं स्वतः लिहिलं, म्हणून वेळ लागला.”

अक्षर तिचंच होतं. नवरा समोर पडलेला असताना तिनं बसून माझी क्षमा मागितली होती, मी नियमात घालून दिलेल्या शब्दांत, एकही न वगळता.

वर यायला मुलानं हात पुढे केला. अजून हातभर खोल हवं, म्हटलं मी, आणि मान वर न करता खणत राहिलो.