बदामाच्या खवल्यांचा रोहू

मासा मी पहिल्यांदा हातात धरला तो एकेचाळिसाव्या वर्षी, आणि तोही केक करण्यासाठी. माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडे माळ आहे. घरात अंडंसुद्धा येत नाही.

नवरा सोनं गाळण्याच्या कामात आहे. आमच्या सांगलीकडची पुष्कळ माणसं याच कामासाठी गावोगाव गेली, आम्ही कोलकात्यात आलो. बागबाजारात दुसऱ्या मजल्यावर राहतो. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. बंगाली समजते, पण बोलायला गेलं की जीभ अडते, त्यामुळे मी फारशी कुणाकडे जात नाही. जायचं घर एकच, खालच्या मजल्यावरच्या जेठीमांचं. मोठ्या काकूला इथे जेठीमा म्हणतात. त्या माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलतात आणि मी अडले तर शब्दाची वाट बघतात, घाई करत नाहीत. या सगळ्या शहरात मी आपण होऊन बोलते ती फक्त त्यांच्याशी.

केक मला मुलीच्या मोबाईलने शिकवला. दही आणि सोडा घालून बिनअंड्याचा साधा केक मी आधीपासून करत होते. एकदा एक बाई चौकोनी केकमधून सुरीने चक्क बूट कोरून काढताना दिसली. केक असा लाकडासारखा कोरता येतो हे मला ठाऊकच नव्हतं. मी तो व्हिडिओ चार वेळा बघितला. दुसऱ्या दिवशी केक केला, गरम असतानाच सुरी लावली आणि सगळा भुगा झाला. मग कळलं की आधी फ्रिजमध्ये ठेवून तो घट्ट होऊ द्यायचा, दातेरी सुरी हलक्या हाताने चालवायची आणि एका वेळी थोडंच काढायचं, कारण काढलेलं परत लावता येत नाही. तेव्हापासून मला नादच लागला. कुकर, चप्पल, जिन्यात झोपणारं मांजर, काहीही दिसलं की ते कोरायला पहिला काप कुठे घ्यावा लागेल, याचा मी विचार करत बसे. नवरा म्हणायचा, मी दिवसभर भट्टीपुढे, तूही भट्टीपुढे, पोरगी तेवढी थंड राहिली.

जेठीमांची सून एक दिवस वर आली. सासूबाईंना ऐंशी वर्षं होतायत, नातवंडांना केक कापायचाय, पण दुकानातल्या केकमध्ये अंडं असतं आणि त्यांना अंडं चालत नाही, तर तुम्ही करून द्याल का, असं तिने विचारलं. आकार तुम्हाला सुचेल तो करा म्हणाली. मी मान हलवली. या वयात अंडं सोसत नसेल असं मी धरून चालले आणि का चालत नाही ते विचारलं नाही.

आकार मला लगेच सुचला. जेठीमा बोलायच्या ते माशांबद्दल. स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून त्या सुनेला सांगायच्या, तेल अजून तापू दे, आता उलट. मी खात नाही हे माहीत असून मला समजावायच्या, कुठल्या दिवसांत कुठला मासा गोड लागतो, कुठल्याला मोहरी आणि कुठल्याला नुसतं आलं-जिरं. मीही विचारत राहायची. चव घ्यायची नसली तरी ऐकायला मला फार आवडायचं. पानं मांडायची वेळ झाली की मी उठून वर यायची. तळणीचा वास मला सोसत नसे.

मासा करायचा तर नीट बघायला हवा, म्हणून सकाळी बाजारात गेले. नाकाला पदर लावून एका मासेवाल्यापुढे उभी राहिले. मोठा रोहू होता. डोळ्याला पापणी नाही, हे मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. खवले कौलांसारखे एकावर एक बसलेले होते, पण कुठल्या बाजूने कुठल्या बाजूवर ते लांबून कळेना. मी वाकले, सरळ झाले, पुन्हा वाकले.

मासेवाला म्हणाला, "दिदी, एवढं बघू नका, मासा लाजतोय."

बाजूची गिऱ्हाइकं हसली. मी पळूनच येणार होते, पण खवल्यांचं कळल्याशिवाय पाय निघेना. मी खवल्यांकडे बोट दाखवलं. त्याने मासा उचलून माझ्या हातात दिला आणि हात कसा फिरवायचा ते दाखवलं. डोक्याकडून शेपटीकडे गुळगुळीत, उलट फिरवला तर बोटांना बोचतं. मग त्याने गालाजवळची झाकणी उघडून आतला लाल भाग दाखवला. मला घृणा येईल असं वाटलं होतं, ती आली नाही. घरी येऊन आंघोळ केली आणि सगळं विसरायच्या आत कागदावर काढून ठेवलं.

केकला दोन दिवस लागले. दोन लांबट केक एकावर एक चिकटवले, पोटाचा फुगवटा ठेवून बाकीचं उतरवलं, शेपटीकडे निमुळतं केलं. खवल्यांना बदामाचे पातळ काप घेतले आणि ते शेपटीकडून लावत डोक्यापर्यंत गेले, तेव्हा कुठे खऱ्यासारखे बसले. डोळ्याला काळी मनुका. झाकणीच्या आत थोडी लाल क्रीम. नवरा कामावर जाताना म्हणाला, "माळकरीण मासे करायला लागली. गावाला कळवू का?"

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी मुलगी शाळेतून आली आणि केक बघून दारातच थांबली. जेठीमांना ती ठाकुमा म्हणजे आजी म्हणते, आणि त्यांच्या गेलेल्या नवऱ्याला दादू.

"आई, हा ठाकुमांचा केक आहे? ठाकुमा तर मासा खातच नाहीत. दादू मेले तेव्हापासून बंद."

मी म्हटलं, असं कसं, त्या तर रोज माशांबद्दलच बोलतात. ती म्हणाली, बोलतात, खात नाहीत. इथल्या जुन्या बायकांचा नवरा गेला की मासा, मटण, अंडं, कांदा, लसूण, सगळं जातं. मी खालीच बसले. आमच्या गावात नवरा गेला की कुंकू जातं, बांगड्या जातात, पण ताटातलं काही जात नाही. त्यामुळे ताटाचा विचार माझ्या डोक्यात कधी आलाच नव्हता. त्यांना जेवताना मी एकदाही बघितलेलं नव्हतं.

पाहुणे यायला दोन तास होते. भरल्या घरात विधवा बाईपुढे मासा ठेवायचा म्हणजे तिची चेष्टा केल्यासारखंच. त्यांचं मन दुखावलं तर मी पुन्हा कुठल्या तोंडाने त्या घरी जाणार होते? मी सुरी घेतली. डोकं आणि शेपूट उडवून वर शीड लावलं तर होडी झाली असती. सुरी मानेवर टेकवलीही. पण सुरी एकदा चालली की मासा पुन्हा जोडता आला नसता, आणि त्यांना न विचारताच तो गेला असता.

सुरी ठेवून मी खाली गेले. जेठीमा कोरी पांढरी साडी नेसून खुर्चीत बसल्या होत्या, सून फुलं लावत होती. मी म्हणाले, "जेठीमा, मी चूक केली. मला माहीत नव्हतं. तुमच्यासाठी मासा केलाय. कापून होडी करू का?"

सुनेचे हात थांबले. जेठीमांनी विचारलं,

"कुठला मासा?"

"रोहू."

"आण. बघू दे."

मुलीने आणि मी केक खाली आणला. जेठीमांनी चष्मा लावला. आधी डोळा बघितला, मग बोटाच्या टोकाने झाकणी उचलून आतली लाल क्रीम बघितली. मग हात डोक्याकडून शेपटीकडे फिरवला, बदाम न हलवता.

"ताजा आहे," त्या म्हणाल्या. "शेपूट लहान झालंय. होडी कशाला? आम्ही काय होडी खातो?"

संध्याकाळी नातवंडांनी मेणबत्त्या विझवल्या आणि केकची सुरी पुढे केली, तेव्हा जेठीमांनी पोरांचे हात बाजूला केले. केकसारखा कापू नका म्हणाल्या. त्यांनी माझी दातेरी सुरी मागून घेतली आणि मासा कापतात तसे आडवे काप घेतले. मग प्रत्येकाचे दोन भाग, पाठीचा वेगळा, पोटाचा वेगळा. पोटाचे मऊ तुकडे नातवंडांना, पाठीचे मुलाला आणि पाहुण्यांना. कुणाला काय द्यायचं ते त्यांना एकदाही विचारावं लागलं नाही. डोकं उरलं. मुलाने विचारलं, मुडो कुणाला? त्यांनी ताटली स्वतःपुढे ओढली. सून माझ्या कानाशी म्हणाली की या घरात डोकं नेहमी सासऱ्यांच्या पानात जायचं.

त्यांनी गालाकडचा तुकडा बोटांनी तोडून तोंडात घातला आणि सावकाश चावायला लागल्या. मी भिंतीशी उभी राहून बघत होते. मऊ केक, चावायला त्यात काही नव्हतं. तरी त्यांची जीभ एका गालात गेली, मग दुसऱ्या गालात, हळूहळू काटे शोधत.