व्यंकट सरांनी अंगावर घेतलेली चूक

व्यंकट सर गेल्याचा फोन नांदेडहून आला, तेव्हा मी लातूरच्या आमच्या क्लासमध्ये फळ्यावर लाटेचा वेग काढत होतो. फोन ठेवला आणि गणित पूर्ण केलं. उत्तर बरोबर आलं, याचीच आता चीड येते. महिना उलटला, पण मन थाऱ्यावर नाही...

सात वर्षं आम्ही एकाच क्लासमध्ये फिजिक्स शिकवलं. मी घायकुतीचा, एका गणिताला एक मिनिट देणारा. ते मात्र खिडकीच्या गजाला दोरी बांधून झटका द्यायचे, मग दोरी ताणून पुन्हा झटका. लाट आता जोरात का पळाली, हे पोरांनी सांगितल्याशिवाय खडू उचलायचे नाहीत. "सर, परीक्षा याच जन्मात आहे," मी टोमणा मारायचो. "सूत्र कुठं पळून जाऊन राहिलं का? आधी बघू द्या की पोरांना," ते हसून म्हणायचे.

एका चाचणीत मी गणित घातलं होतं : जमिनीवरची पेटी दोरीनं तिरपी वर ओढली, तर नॉर्मल, म्हणजे जमीन पेटीला वर रेटते ते बल, किती? उत्तरसूचीत मी सवयीनं पेटीचं पूर्ण वजन लिहून मोकळा झालो. व्यंकट सर स्टाफरूममध्ये हळूच म्हणाले, "सर, थोडं वजन दोरीनं उचललं ना? मग जमिनीवर सगळा भार कसा ऱ्हाईल?" चूक मला तिथंच कळली. पण चारचौघांत माझा अहंकार आडवा आला. "निकाल लागलाय, आता काही बदलायचं नाही," मी खेकसलो. आमच्याकडे दर चाचणीनंतर गुणांवरून बॅच बदलतात. बरोबर उत्तर लिहिलेली किनवटकडची एक मुलगी चार गुणांनी वरच्या बॅचमधून खाली आली. पुढच्या महिन्यात ती क्लास सोडून गावी गेली. वर्षअखेर सरही नांदेडला परतले आणि घरीच शिकवू लागले. फोनवर बोलायचो, पण तो विषय मी कधी काढला नाही.

दहाव्याला गेलो. पुढच्या खोलीत गजाला दोरी बांधलेली होती. "कपडे वाळू घालू देत नव्हते हिच्यावर," वहिनी म्हणाल्या. "अन् सर, ते पेटीचं गणित हाय ना? दरसाली पोरांना सांगायचे, 'हे मी चुकलो होतो. माझ्यापायी एका लेकराचं नुकसान झालं.' लई लागलं होतं त्यांना."

चूक माझी होती, हे सांगायला माझं तोंड उघडलंच नाही.

लातूरला आल्यावर तेच गणित फळ्यावर लिहिलं. पेटी काढली, तिरपी दोरी काढली आणि म्हणालो, "हे मी चुकलो होतो. कळल्यावरही बदललं नाही. माझ्यापायी एका मुलीची बॅच गेली, ती क्लासच सोडून गेली." मागच्या बाकावरून एकीनं विचारलं, "सर, मग त्या मुलीचं पुढं काय झालं?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी कधी विचारलंच नाही."