डुकराचा रुपया

जुनं ते सोनं असं आपण म्हणतो खरं, पण नाण्यांना ते लागू नाही. हे मी कुठल्या पुस्तकात वाचलं नाही. आम्हा दोघी जावांना ते लकडगंजात, एका सोनाराच्या ओट्यावर बसून कळलं.

सत्तरचं दशक असेल. सासूबाईंकडे इंग्रजांच्या काळातल्या चांदीच्या रुपयांची एक थैली होती. त्यांच्या बहिणी-बहिणींत आईच्या दागिन्यांवरून जे वाजलं ते कायमचंच, म्हणून त्यांनी ठरवलं, आपण जिवंतपणीच दोन्ही सुनांना सारखं वाटून द्यायचं. एका चुलीवर भाकरी करणाऱ्या बायकांत रुपयावरून फूट नको. थोरल्या जावेचा मान, तिनं आधी निवडले. राणीच्या छापाचे सगळे उचलले, कारण ते जास्त जुने. राजाच्या छापाचे माझ्याकडे आले. तिनं लगेच तिचे राखेनं घासून असे लखलखीत केले की विचारू नका. मला म्हणाली, "तू काहून घासून नाही राहिली वं? काळेकुट्ट दिसतात." मी म्हटलं, "घासीन की, घाई काय आहे?" आळस, दुसरं काय!

मग कोणीतरी सासूबाईंच्या कानावर घातलं, की नाण्यांचे शौकीन चांदीपेक्षा जास्त पैसे देतात, पण सगळ्यांचे सारखे नाही. झालं, त्यांचा जीव खालीवर. "जा दोघी, दाखवून या. एकीले कमी गेलं असंल तर मले पाप लागंल."

सोनाराच्या त्या ओट्यावर जुनी नाणी घेणारा एक नाणीवाला बसायचा. त्यानं जावेचा रुपया हातात घेतला आणि कपाळावर हात मारला. "घासला काहून बाई? वरची कातडीच सोलली तुम्ही. आता याचा भाव निसता चांदीचा."

"अन् राणी? राणी जुनी आहे ना!" जाऊ म्हणाली.

"जुनी आहे, पण घरोघरी आहे. किती वर्सांचा, ते नाही पाहत आम्ही. किती उरले अन् कसे उरले, ते पाहतो."

माझे काळे रुपये तो भिंगातून बघत गेला, आणि एकावर थांबला. राजाच्या अंगावरच्या साखळीत हत्ती कोरलाय, म्हणाला, पण सोंड एवढी आखूड झाली की लोकांना ते डुक्कर वाटलं. लोक बिथरले. सरकारनं ते रुपये परत घेऊन वितळवले. थोडे तोवर हातोहात निघून गेले होते, तेच वाचले.

जाऊ पोट धरून हसली. "घे वं! तुह्या वाट्याले डुक्कर आलं!"

"हसू नका बाई," नाणीवाला म्हणाला. "तुमच्या साऱ्या राण्यांपेक्षा हे एक डुक्कर महाग आहे."

हसणं तिथंच थांबलं. घरी येईस्तोवर रिक्षात आम्ही दोघी दोन बाजूंना बघत बसलो. खरं सांगते, मी तोवर मनातल्या मनात शिवणयंत्र घेऊन खिडकीपाशी मांडूनही टाकलं होतं. संध्याकाळी जावेनं भाकरी अशा थापल्या, की शेजारी ऐकू गेलं असेल. सासूबाईंना त्या आवाजावरूनच सगळं कळलं.

पण ऐकून घेतल्यावर दचकल्या त्या वेगळ्याच गोष्टीला. "म्हंजे एवढे वर्स लक्ष्मीपूजनाच्या थैलीत मी डुक्कर पुजून राहिली होती?"

त्यांनी रुपया डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि एकदम हसल्या. "डुक्कर कायचं वं! वराह आहे हा. देवाचा अवतार. आणा इकडं, देवाची वाटणी होत नाही."

बाकीचे रुपये सोनाराच्या तराजूत निम्मे-निम्मे झाले. माझं शिवणयंत्र गेलं, पण जेवताना जावेनं माझ्या भाकरीवर लोण्याचा गोळा ठेवला.

पुढे नाणीवाला घरी आला, म्हणायला दर्शनाला, खरं तर विकत मागायला. सासूबाईंनी त्याला चपला काढायला लावल्या, देवघरासमोर बसवलं आणि कुंकवाचा करंडा उघडला. बिचारा अर्धा उठला. "आई, कुंकू नका लावू त्याले, भाव पडते!"

"बस गा," त्या म्हणाल्या, आणि राजाच्या नाकापासून वराहापर्यंत चांगलं ठसठशीत कुंकू लावलं. नाणीवाल्यानं डोळे गच्च मिटून घेतले. जावेला वाटलं, किती भक्तिभाव! तिनं त्याच्या हातावर साखर ठेवली.