धुक्यात दिसणारी पडवी

मागच्या शुक्रवारी सकाळी आत्याचा फोन आला. मी पळसदरीहून खालापूरला ऑफिसला निघतच होते, स्कूटीची चावी हातात... "बाय, झाड दिसतंय. पडवी नाय दिसत," ती म्हणाली.

आमच्या घराची पडवी सोमवारी पाडायची होती. दादाचं लग्न ठरलंय, तिथे एक खोली वाढवायची आहे. त्यात कुणाचीच चूक नाही.

पण माझी पहिली शाळा त्या पडवीत झाली. लहानपणी मला दम्याचा फार त्रास, म्हणून तिसरीपर्यंत आत्याने मला घरीच शिकवलं. रोज सकाळी शुद्धलेखन, ती सांगायची नि मी लिहायचे. ती "झालं" म्हणेपर्यंत पेन्सिल खाली ठेवायची नाही, हा नियम. कधी चार ओळी, कधी पानभर... किती ते आधी कधीच सांगायची नाही.

मग उशिरा का होईना तिचं लग्न झालं आणि ती नाशिककडे गेली. आता गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, प्रवास बंद. मोबाइलवर फोटो काढून पाठवते म्हटलं तर नको म्हणाली. तिला पडवीची एक अख्खी सकाळ बघायची होती. ऊन आत येताना, मग मागे सरत खांबाच्या बुडाशी जाताना... आणि समोर कुणी उभं न राहता.

मी कॅमेऱ्याचे बोर्ड बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत आहे. टेस्टिंगचा, कॅमेरा लावलेला एक जुना बोर्ड घरी न्यायला सरांना तोंडी विचारलं, मग मेलही केला, मग मेल मिळाला का तेही विचारलं. गुरुवारी तो विहिरीच्या खांबाला बांधला. दर दहा मिनिटांनी एक फोटो आत्याच्या मोबाइलवर. दादा म्हणाला, एवढी तयारी माझ्या लग्नाची केली असतीस तर...

आणि शुक्रवारी हे. वर फणस आणि कौलं एकदम स्वच्छ, खाली पडवीच्या जागी नुसता राखाडी पट्टा. मी वायर बदलली, लेन्स पुसली, बोर्ड काढून पुन्हा बांधला. शनिवारी तेच. मी आत्याला सॉरी म्हणत राहिले आणि ती मला, जेवलीस का गं, विचारत राहिली.

मग सहज म्हणाली, "धुकं होतं तोवर दिसत होती बघ. ऊन आलं नि गेली."

मी तिथेच विहिरीच्या काठावर बसले. या कॅमेऱ्यातला सेन्सर फोटो स्वतःच आवळून लहान करतो आणि मग प्रोसेसरकडे पाठवतो. आवळून तो किती मोठा होईल, हे आधी कुणालाच माहीत नसतं. कोरी भिंत थोडक्यात सांगून होते. फणसाची पानं न् पानं सांगायची तर डेटा खूप लागतो.

मी ऑफिसच्या पांढऱ्या भिंतीसमोर पन्नास वेळा मोजून एक आकडा ठरवला होता. त्यावर थोडा जास्तीचा धरला, आणि एवढा डेटा आला की घेणं थांबवायचं, असं प्रोसेसरला सांगून ठेवलं. धुक्यात पानं दिसत नव्हती, म्हणून फोटो त्यात मावत होता. फोटो वरून खाली येत जातो, त्यामुळे ऊन पडलं की वरच्या पानांतच आकडा संपायचा... पडवी यायच्या आधी.

खरं तर प्रत्येक फोटोच्या शेवटी सेन्सर दोन ठराविक बाइट पाठवतो. संपलं, एवढंच सांगायला. मला ते माहीत होतं. पण हातात पक्का आकडा असला की मला बरं वाटतं. कधी संपेल ते माहीत नसताना थांबून राहायची मला धास्ती वाटते.

शनिवारी दुपारी तो आकडा काढून टाकला. आता ते दोन बाइट येईपर्यंत घेत राहायचं. कॅमेरा मुद्दाम नुसत्या फणसाकडे वळवून वीस फोटो काढले, मग पुन्हा पडवीकडे केला.

रविवारी सकाळी मी विहिरीमागे बसून होते, फोटोत येऊ नये म्हणून. आत्या फोनवर होती. सगळे फोटो पूर्ण जात होते. मधेच ती म्हणाली, "पडवीच्या खांबावर तुझी बाराखडी हाय गं अजून. पुसली नाय कुणी."

दहाच्या सुमारास ऊन मागे सरत खांबाच्या बुडाशी आलं. फोटो गेला.

मग आत्या म्हणाली, "हं. झालं."

पडवीत बसून हा शब्द ऐकायची केवढी घाई असायची मला. त्या दिवशी वाटलं, अजून दोन ओळी सांग ना...